ओडिसी: मॅप मोठा आहे, गेम त्याहून लहान आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' सेलमध्ये स्वस्तात मिळतोय, प्राचीन ग्रीसची पार्श्वभूमीही खुणावते आहे. पण जो तो एकच तक्रार करतो, की गेम भयंकर लांबलाय, लेव्हल वाढवता वाढवता जीव जातो आणि अर्ध्या वाटेवर लोक तो सोडून देतात. घ्यावा का? आणि घेतलाच तर खेळावा कसा?

घ्यावा. तक्रारी खोट्या नाहीत, पण त्या अर्धवट आहेत. युबिसॉफ्टच्या क्युबेक स्टुडिओने 5 ऑक्टोबर 2018 ला आणलेल्या या गेमची मुख्य कथा साधारण 45 तासांची आहे. मॅपवरचं प्रत्येक चिन्ह पुसून काढायला बसलात तर 140 तासही पुरत नाहीत. या दोन आकड्यांच्या मधे जे आहे, त्यातलं निम्मं माणसांनी बसून लिहिलेलं आहे आणि निम्मं साच्यातून काढलेलं आहे. कुठलं लिहिलेलं आणि कुठलं साच्यातलं हे ओळखता आलं की ओडिसी सत्तर-ऐंशी तासांचा उत्तम रोल-प्लेइंग गेम होतो. ओळखता आलं नाही तर तो छावण्या साफ करण्याची नोकरी होतो.

ओळखायचं कसं? वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असलेलं कुठलंही काम आणि सूचनाफलकावरची कंत्राटं (अमुक पक्षाचे इतके सैनिक मारा, इतकी जहाजं बुडवा) हे साच्यातलं. त्यात संवाद दोन ओळींचे असतात आणि त्याच त्या चेहऱ्यांची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. वाटेवर आपोआप पूर्ण झालं तर पैसे घ्या, त्यासाठी वाट वाकडी करू नका. याउलट सोनेरी उद्गारचिन्हाखाली नाव असलेला माणूस उभा असेल, त्याला स्वतःचं काही म्हणणं असेल आणि पहिलं काम संपल्यावर त्याच्याकडून दुसरं निघत असेल, तर ते लिहिलेलं. मॅपवरच्या प्रश्नचिन्हांचंही तसंच. थडगी छोटी असतात आणि प्रत्येकात क्षमतेचा एक पॉइंट मिळतो, म्हणून ती करावीत. उंच जागा जलद प्रवासासाठी लागतात. किल्ले आणि छावण्या मात्र गोष्टीने तिथे नेलं तरच.

आता 'राबावं लागतं' या तक्रारीकडे. तिचं मूळ एकाच गोष्टीत आहे. प्रत्येक प्रदेशाला किमान लेव्हल ठरवून दिलेली आहे आणि शत्रू तुमच्यापेक्षा दोन-तीन लेव्हल वर असला की नुकसानीचं गणित एकदम उलटं फिरतं. तुमचे घाव त्याला ओरखड्यासारखे लागतात, त्याचे दोन घाव तुम्हाला आडवं करतात. लाल कवटी दिसली की समजावं, इथे कौशल्य चालणार नाही. नुसत्या मुख्य कथेवर धावत गेलात तर विशीच्या आसपासच्या लेव्हलला ही भिंत लागते. अथेन्स मागे पडलेलं असतं, पुढची मुख्य क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, दोन-चार लेव्हल वरची दिसते. इथे लोक वैतागून छावण्या साफ करायला लागतात आणि इथेच गेम सोडतात. युबिसॉफ्टने त्याच गेममध्ये अनुभवगुण कायमचे 50 टक्के जास्त देणारा बूस्टर खऱ्या पैशांना विकायला ठेवला, म्हणून हा राग दुप्पट झाला आणि तो रास्तच होता. पण बूस्टर लागत नाही. प्रत्येक नव्या प्रदेशात दोन-तीन लिहिलेल्या साइड क्वेस्टच्या मालिका पूर्ण केल्या की लेव्हल कथेच्या बरोबरीने चालते. एका चांगल्या मालिकेतून जितके अनुभवगुण मिळतात, तितक्यासाठी छावण्या साफ करायला कितीतरी जास्त वेळ जातो.

सुरुवातीलाच चार निवडी नीट करा. पहिली, नायिका कसांड्रा की नायक अलेक्सिओस. कथा दोघांची एकच आहे, संवादही जवळपास तेच. पण मेलिसांथी माहुट यांनी कसांड्राला दिलेला आवाज सरस आहे. चेष्टेची वाक्यं तिच्या तोंडी बसतात, अलेक्सिओसच्या तोंडी ती बऱ्याचदा ओरडून म्हटल्यासारखी वाटतात. मालिकेच्या अधिकृत इतिहासातही कसांड्राच नायिका आहे. दुसरी निवड, 'एक्स्प्लोरेशन' मोड. यात क्वेस्टचं ठिकाण मॅपवर टोचून दाखवत नाहीत. 'फोकिसमध्ये, अमुक देवळाच्या पश्चिमेला, नदीकाठी' असे धागे मिळतात, मग तुम्ही तिथे जायचं आणि इकारोस गरुडाला वर सोडून जागा शोधायची. 'गायडेड' मोडमध्ये तुमची नजर ग्रीसवर न राहता बाणावर राहते. तिसरी, काठिण्य 'नॉर्मल' ठेवा. 'नाइटमेअर'मध्ये शत्रू मुख्यतः जास्त वेळ मरत नाहीत, त्याने गेम लांबतो. चौथी, लेव्हल स्केलिंग. हा पर्याय नंतरच्या अपडेटमध्ये आला. सगळ्यात सौम्य पातळी निवडा, म्हणजे मागे सोडलेल्या प्रदेशातले सैनिक तुमच्या मागोमाग फारसे वर चढत नाहीत आणि लेव्हल वाढल्याचं सुख मिळतं.

पहिलं बेट केफालोनिया. ते शिकवणीचं बेट आहे म्हणून घाईने पार करू नका. तिथल्या 'ब्लड फीवर' या साइड क्वेस्टमध्ये एक पुजारी रोगाने ग्रासलेल्या कुटुंबाला मारायला निघालेला असतो. तुम्ही दया दाखवून त्यांना सोडलंत तर तेव्हा काहीच होत नाही, उलट बरं वाटतं. कित्येक तासांनी बेटावर परतलात तर साथ पसरलेली असते आणि रस्त्यात प्रेतं दिसतात. गेम यावर भाषण देत नाही, तुमच्या तोंडावर बोटही दाखवत नाही. ओडिसीचं लेखन जिथे उत्तम आहे तिथे ते असं आहे. परिणाम उशिरा येतो आणि चांगुलपणाची हमी देत नाही.

पुढे मेगारीसमध्ये 'स्पार्टाचा लांडगा' निकोलाओस समोर येतो. इथून पुढची दोन-तीन वाक्यं कथा फोडणारी आहेत, नको असतील तर पुढच्या परिच्छेदावर जा. कुटुंब एकत्र आलेला शेवट हवा असेल तर निकोलाओसला, म्हणजे ज्याने तुम्हाला वाढवलं त्या बापाला, मारू नका. पुढे तो पुन्हा भेटेल तेव्हा त्याला मुलाकडे, म्हणजे स्टेंटोरकडे, परत जायला सांगा आणि बोइओटियात स्टेंटोरशी प्रसंग येईल तेव्हा त्याला जिवंत राहू द्या. आईला डेमॉसला, म्हणजे तुमच्या हरवलेल्या भावंडाला, परत आणण्याचा शब्द द्या. डेमॉसशी जिथे जिथे बोलायची संधी मिळेल, विशेषतः अथेन्सच्या तुरुंगात, तिथे 'कल्ट ऑफ कॉसमॉस' या गुप्त पंथाने त्याचा वापर केला हेच पुन्हा पुन्हा पटवा आणि शेवटी पर्वतावर त्याच्याशी लढायला नकार द्या. रागाचं एखादं उत्तर चुकून निघालं तर शेवट बदलू शकतो, म्हणून या प्रत्येक भेटीआधी हाताने वेगळा सेव्ह करून ठेवा. ऑटोसेव्हवर विसंबलेल्यांची इथे हमखास पंचाईत होते.

आर्केडियातला लागोस, हाही असाच. तो पंथाचा सदस्य आहे, पण स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास याचा मित्रही आहे. थेट जाऊन मारता येतं. मात्र आधी त्याच्या कुटुंबाचा माग काढून पुरावा गोळा केलात तर संवादात त्याला सोडवण्याची वाट उघडते. ही वाट गेम पुढे करत नाही, तुम्ही शोधलीत तरच सापडते. एलिसमधली ऑलिंपिकची मालिका मात्र नुसती धमाल आहे. स्पार्टाचा दारूत बुडालेला मल्ल टेस्टिक्लीस याला जहाजाने खेळांना न्यायचं असतं. त्याचं पुढे काय होतं ते इथे सांगण्यात मजा नाही.

याखेरीज आवर्जून करावं असं: मायकोनोस-डेलोसवरची कीरा आणि थालेटासची मालिका, अर्गोलिसमधला हिपोक्रेटिस, सॉक्रेटिसबरोबरच्या सगळ्या भेटी (तो प्रश्नांवर प्रश्न विचारून तुमच्या प्रत्येक निर्णयाची साल काढतो), आणि नंतर मोफत दिलेल्या 'लॉस्ट टेल्स'पैकी फोकिसमधली लालाइया गावाची गोष्ट. दंतकथांतले चार प्राणी, म्हणजे बोइओटियातला स्फिंक्स, कीथेरावरचा सायक्लॉप्स, क्नॉसॉसचा मिनोटॉर आणि लेस्बॉसवरची मेड्युसा, थेरा बेटावरचं अ‍ॅटलांटिसचं दार उघडायला लागतातच. मेड्युसाला चाळीशी ओलांडल्याशिवाय हात लावू नका. तिच्या किरणापासून वाचायला खांबांची आड घ्यावी लागते आणि लेव्हल कमी असेल तर लढाई इतकी लांबते की एक चूक पुरते.

आता शस्त्रं आणि चिलखत. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. लोहाराकडे कुठलीही वस्तू तुमच्या चालू लेव्हलपर्यंत वाढवता येते. त्याला लागतं ऑलिव्हचं लाकूड, लोहखनिज, मऊ चामडं आणि द्राख्मे (गेममधलं चलन), आणि हा खर्च लेव्हलसोबत झपाट्याने चढतो. नेमकं हेच लाकूड, लोखंड आणि चामडं तुमच्या आद्रेस्तिया जहाजाच्या सुधारणांनाही लागतं. म्हणून दर दोन लेव्हलला आवडती तलवार वाढवणारा खेळाडू पंचविशीत येईपर्यंत कंगाल होतो आणि समुद्रावर त्याचं जहाज कागदाचं राहतं. निम्म्या वाटेपर्यंत काहीच वाढवू नका. जे सापडतं तेच तुमच्या लेव्हलचं असतं, तेच घाला आणि टाकत चला. निळ्या-जांभळ्या वस्तू विकण्याऐवजी मोडा, मोडल्याने कच्चा माल मिळतो. द्राख्मे क्वेस्टमधून आपोआप येतात, लाकूड-लोखंड मात्र कायम कमी पडतं. दिसणं आवडत नसेल तर घातलेल्या वस्तूला दुसऱ्या सापडलेल्या वस्तूचं रूप देता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. वाढवायचं ते फक्त सोनेरी, म्हणजे लेजेंडरी, संचाचं, आणि तेही पाच-सहा लेव्हलच्या अंतराने. एन्ग्रेव्हिंग, म्हणजे वस्तूवर जादा गुण कोरणं, तीही तशीच राखून ठेवा. चार तासांनी टाकायच्या शिरस्त्राणावर ती करण्यात अर्थ नाही.

नुकसानीचे तीन वेगळे आकडे असतात: योद्धा, शिकारी, मारेकरी. समोरासमोरची लढाई, धनुष्य आणि लपून केलेला वार यांची ही वेगवेगळी खाती आहेत. 'मागून भाला खुपसला तरी मेला नाही' ही जी तक्रार असते तिचं उत्तर इथे आहे. अंगावरचे सगळे तुकडे योद्ध्याचे असतील तर मारेकऱ्याचा आकडा तळाला असतो आणि कप्तानाच्या आयुष्याची पट्टी त्याहून मोठी असते. वार करण्याआधी ती पट्टी किती कमी होणार हे गेम दाखवतो, ते बघा. कमी पडत असेल तर बटण दाबून ठेवून 'क्रिटिकल असॅसिनेशन' करा, त्याला अ‍ॅड्रिनलिन (लढताना साठणारी ऊर्जा) खर्च होतं पण नुकसान बरंच वाढतं. सगळं थोडं थोडं घेणारा बिल्ड, म्हणजे वस्तू आणि क्षमतांची जुळणी, सुरुवातीला चालतो, पण तिशीनंतर कुठेच पुरा पडत नाही. दोन खाती निवडा, तिसरं सोडा. नवख्यांना योद्धा आणि मारेकरी ही जोडी सोपी पडते. मारेकऱ्याच्या बाजूने जाणार असाल तर 'पिलग्रिम' संच गोळा करा, धनुष्याच्या बाजूने जाणार असाल तर आर्टेमिसचा.

क्षमतांमध्ये पहिला पॉइंट 'सेकंड विंड'वर, म्हणजे स्वतःला बरं करण्यावर. तिच्याशिवाय दोन भाडोत्री योद्धे एकदम आले की सुटका नाही. मग 'शील्ड ब्रेकर', कारण ढाल घेतलेला शत्रू लढाई विनाकारण लांबवतो आणि तुमच्या हातात मात्र ढाल कधीच नसते. 'स्पार्टन किक' घ्यावीच, कड्याच्या काठावर तिच्यासारखं हत्यार नाही. मारेकऱ्यासाठी 'रश असॅसिनेशन' वाढवत न्या. वरच्या पातळीवर एका दमात तीन-चार पहारेकरी साफ होतात. निवड चुकली तर घाबरू नका, थोडे द्राख्मे देऊन सगळे पॉइंट परत घेता येतात. लढाईत पवित्रा साधा ठेवा: साधा वार परतवायचा, लाल चमकणारा वार चुकवायचा. शेवटच्या क्षणी चुकवलात तर काळ मंदावतो आणि तेवढ्यात तीन-चार घाव बसतात.

'कल्ट ऑफ कॉसमॉस' हा या गेमचा कणा आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण तो मेनूच्या एका कोपऱ्यात आहे. चाळीसेक सदस्य, त्यांच्या शाखा आणि प्रत्येक शाखेवर एक म्होरक्या. शाखेतले बाकीचे संपल्याशिवाय म्होरक्याचं नाव उघडत नाही. प्रत्येकाकडून लेजेंडरी संचाचा तुकडा किंवा तुमच्या हातातल्या लेऑनिडासच्या भाल्याचा अंश मिळतो. आन्द्रोसवरच्या प्राचीन भट्टीत ते अंश देऊन भाला वाढवला की अ‍ॅड्रिनलिनचे कप्पे वाढतात. म्हणजे लेव्हल वाढवूनही दुबळं वाटत असेल तर बहुधा भाला मागे राहिलेला असतो. धागे साइड क्वेस्टमध्ये, खाणींत, कधी आधीच्या सदस्याच्या प्रेताजवळ सापडतात. 'गॉड्स ऑफ द इजियन' ही शाखा समुद्रावर आहे, तिला हात घालण्याआधी जहाजाचा सांगाडा आणि बाण दोन-तीन वेळा सुधारून घ्या. 'हीरोज'मधले लोक भाडोत्री योद्धे म्हणून हिंडत असतात, त्यांना शोधण्यापेक्षा तेच तुम्हाला शोधत येतात.

जहाजावरच्या लेफ्टनंटांच्या जागा भरायच्या असतील तर किल्ल्यांतल्या चांगल्या योद्ध्यांना मारू नका, बेशुद्ध करून भरती करा. भरती करण्याआधी इकारोसने त्यांचे गुण बघता येतात. समुद्रावर एक गोष्ट लक्षात ठेवा: शत्रूचं जहाज बाण-भाल्यांनी अर्धमेलं करून मग बाजूने पूर्ण वेगात टक्कर द्या, आणि दोन जहाजं असतील तर एकावर चढून लढा. चढून जिंकलं की आद्रेस्तियाची डागडुजी होते.

विजयाच्या लढायांबद्दल थोडक्यात. प्रदेशाची सत्ता पोखरायची (रसद जाळा, खजिना लुटा, सेनापती मारा, नेता गाठा), मग अथेन्स किंवा स्पार्टाच्या बाजूने 150 विरुद्ध 150 अशी लढाई. हल्ला करणाऱ्यांची बाजू अवघड असते आणि बक्षीसही मोठं असतं. साध्या सैनिकांवर वेळ घालवू नका, कप्तान मारल्याने पट्टी भराभर सरकते. पहिल्या दोन लढाया थरारक, पाचवी कंटाळवाणी. प्रदेश कोणाकडे गेला याने कथेत काडीचाही फरक पडत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. डोक्यावर इनाम लागलं तर पळत सुटू नका. मॅपवर पैसे भरा किंवा इनाम लावणाऱ्याला मारा, त्याची जागा मॅपवर दिसते.

आता इतिहास. यासाठीच बरेच मराठी वाचक या गेमकडे वळतील, आणि इथे खरं-खोटं चाळून घ्यावं लागतं. काळ इ. स. पू. 431 ते 422, म्हणजे पेलोपोनेशियन युद्धाचा पहिला टप्पा. युद्ध 404 पर्यंत चाललं, गेम अँफिपोलिसच्या लढाईपाशी थांबतो. तिथे स्पार्टाचा ब्रासिडास आणि अथेन्सचा क्लिऑन दोघेही पडले, हे खरं. मारणारे हात गेमने बदलले. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचंही तसंच. तो 429 मध्ये साथीच्या काळात गेला, गेममध्ये त्याचा मृत्यू नाट्यमय आणि काल्पनिक आहे. साथ मात्र प्रामाणिकपणे उभी केली आहे. पेरिक्लीसने खेड्यापाड्यांतली माणसं लांब तटबंदीच्या आत घेतली, गर्दी वाढली, 430 मध्ये रोग आला. गेममध्ये पहिल्यांदा अथेन्सला जाल तेव्हा पिरीअस बंदरापासून शहरापर्यंत घोडा न दौडवता चालत जा. पुढे साथीच्या दिवसांत कथा अथेन्सला परत नेते, तेव्हा तोच रस्ता पुन्हा चाला. लेखकांनी आणि चित्रकारांनी सर्वांत जास्त मेहनत कुठे घेतली ते कळेल.

क्लिऑन इथे ढळढळीत खलनायक आहे. लक्षात असू द्या, आपल्यापर्यंत त्याची ओळख मुख्यतः इतिहासकार थ्युसिडिडीस आणि विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस यांच्याकडून आली आणि दोघांचंही त्याच्याशी वैर होतं. थ्युसिडिडीस स्वतः सेनापती असताना अँफिपोलिस हातचं गेलं आणि तो हद्दपार झाला. याच क्लिऑनच्या मोहिमेत 425 मध्ये स्फॅक्टीरियावर 292 कैदी जिवंत पकडले गेले, त्यांत सुमारे 120 अस्सल स्पार्टन होते, आणि अख्ख्या ग्रीसला धक्का बसला, कारण स्पार्टन शरण येतात हेच कोणी ऐकलं नव्हतं. गेममध्ये ही लढाई आहे, पण तिचा हा अर्थ हरवला आहे.

पुतळे आणि देवळं रंगीत दाखवली आहेत, हे बरोबर. पांढरा संगमरवर हा नंतरच्या काळातला गैरसमज. केफालोनियावरचा डोंगराएवढा झ्यूस मात्र शुद्ध कल्पना. लढाया चूक आहेत. हॉपलाइट, म्हणजे ढाल-भाल्याचे पायदळ सैनिक, ढालीला ढाल लावून रांगेत लढत, इथे प्रत्येक जण सुटा हिंडतो. ट्रायरिम जहाजावर 170 वल्हेकरी असत, आद्रेस्तियावर त्यांच्या पासंगालाही पुरतील इतके नाहीत. ऑलिंपियात स्त्रियांना स्पर्धेला उभं राहण्याची मुभा नव्हती, कसांड्राला गेमने ती दिली. सगळ्यात मोठी पळवाट गुलामगिरीची. अथेन्सच्या आरमाराचा पैसा लॉरिऑनच्या चांदीतून आला आणि त्या खाणींत गुलाम राबत. गेममध्ये चांदीच्या खाणी आहेत, छोट्या क्वेस्टही आहेत, पण रोजच्या अथेन्समध्ये गुलामगिरी जवळजवळ अदृश्य आहे.

हे सगळं नीट समजून घ्यायचं असेल तर 'डिस्कव्हरी टूर' आहे. सप्टेंबर 2019 मध्ये आली, गेम असणाऱ्यांना मोफत. लढाई नाही, लेव्हल नाही. अ‍ॅस्पेशिया, हिरोडोटस, बार्नाबास वगैरे तुम्हाला फिरवतात आणि शेवटी प्रश्न विचारतात. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर मूळ गेमआधी हेच लावून द्या. मूळ गेम मोठ्यांसाठीचा आहे, रक्तही भरपूर आणि शृंगारही. मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत, इंग्रजीवरच भागवावं लागतं, आणि ग्रीक ढंगाचं इंग्रजी ऐकताना सबटायटल चालू ठेवणं बरं.

जोडभाग दोन. 'लेगसी ऑफ द फर्स्ट ब्लेड'चा दुसरा भाग आला तेव्हा त्यात खेळाडूच्या निवडीला न जुमानता नायिकेवर संसार आणि मूल लादलं गेलं. मूळ गेममध्ये कोणावर प्रेम करायचं हे पूर्णपणे खेळाडूच्या हातात होतं, म्हणून लोक भडकले, आणि युबिसॉफ्टला माफी मागून प्रसंग बदलावा लागला. बदलल्यावरही तो जोडलेल्या ठिगळासारखाच राहिला. 'द फेट ऑफ अ‍ॅटलांटिस' मात्र घ्यावा. एलिसियम, हेडिस आणि अ‍ॅटलांटिस अशी तीन जगं, त्यांतलं पहिलं डोळ्यांना सुख देणारं आणि तिसरं लिखाणात सर्वांत दमदार. मुख्य कथेनंतर लगेच सुरू करू नका, आधीच पोट भरलेलं असतं, महिनाभर जाऊ द्या. डिसेंबर 2021 ची कॉर्फू बेटावरची मोफत कथा छोटी आणि हलकीफुलकी आहे, ती दोन्हींच्या मधे चालते. सेलमध्ये 'गोल्ड' आवृत्ती घेतलीत तर दोन्ही जोडभाग येतात. 'अल्टिमेट'मधले जादा पोशाख आणि घोड्याची रूपं यासाठी पैसे टाकू नका.

शेवटी यंत्राचं. युबिसॉफ्टची शिफारस 1080p वर 30 फ्रेमसाठी जीटीएक्स 970 आणि आय7-3770, 8 जीबी रॅम आणि 46 जीबी जागा अशी आहे. आजच्या मध्यम गेमिंग लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्ड पुरतं, अडतो तो प्रोसेसर, विशेषतः अथेन्समध्ये. पर्यायांत 'व्हॉल्युमेट्रिक क्लाउड्स' सर्वांत आधी खाली आणा. एवढ्या एकाच बदलाने जितके फ्रेम परत मिळतात तितके दुसऱ्या कशाने मिळत नाहीत, आणि आकाश बघून फरक सांगता येत नाही. मग सावल्या एक पायरी खाली. टेक्स्चर कमी करू नका, व्हीआरएएम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) पुरत असेल तर त्याने काही वाचत नाही. मेनूतच बेंचमार्क (यंत्राचा वेग मोजणारी चाचणी) आहे, प्रत्येक बदलानंतर तो चालवून बघा, अथेन्समध्ये पळून अंदाज बांधू नका. साठ फ्रेम स्थिर मिळत नसतील तर मर्यादा 45 वर बांधा, साठ-पन्नास-साठ अशा हिसक्यांपेक्षा ते डोळ्यांना बरं आणि लॅपटॉपही तापत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर जलद प्रवासाचं लोडिंग चांगलंच लांबतं, एसएसडी असेल तर गेम तिच्यावरच टाका. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीजवर ऑगस्ट 2021 च्या अपडेटने 60 फ्रेम मिळतात. त्या दोन्हींपैकी काही घरात असेल तर पीसीच्या सेटिंगशी झटापट करायची गरजच नाही.